मोती तलाव, चितारआळी आणि घरचा गंजिफा

वाचकहो, सावंतवाडीस आपण कधी गेला असाल, तर मोती तलाव पाहिल्यावाचून परतला नसाल. गावाच्या अगदी मध्यावर, १८७४ साली बांधलेला हा तलाव. एका काठाला संस्थानिकांचा जांभ्या दगडाचा राजवाडा, दुसऱ्या बाजूस बाजारपेठ आणि पाठीशी नरेंद्र डोंगराची हिरवी भिंत. पूर्वी मुंबईहून गोव्याला निघालेली प्रत्येक गाडी या गावातून जात असे. आता झारापला रस्ता फुटतो. नवा चौपदरी महामार्ग गाव टाळून बांद्याकडे निघून जातो आणि जुना रस्ता आकेरीवरून संथपणे सावंतवाडीत येतो. घाई असलेली सारी माणसे बाहेरच्या बाहेर जाऊ लागल्यामुळे, ज्यांना घाई नाही किंवा घाई करता येत नाही अशांसाठी हे गाव पूर्वीपेक्षा अधिक सोयीचे झाले आहे, असे माझे मत आहे.

वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसास बरोबर घेऊन आपण कोठे जाऊ लागलात, की जागेकडे पाहण्याची दृष्टी पालटते. डोंगरमाथ्यावरचे देऊळ कितीही प्राचीन असो, मनात पहिला प्रश्न पायऱ्यांचा येतो. समुद्रकिनारा कितीही रमणीय असो, वाळूत वॉकर रुततो. मोती तलावाचा काठ सपाट आहे. टेकायला कठडा आहे, बसायला जागा आहेत, सावली आहे, आणि पाहण्यासारखे सगळे थोड्या अंतरात आहे. मी कुडाळला जवळजवळ तीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करतो आहे. सावंतवाडी येथून जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. माझ्या रुग्णांपैकी कितीतरी ज्येष्ठ मंडळी तपासणीसाठी, रक्त देण्यासाठी, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी सावंतवाडीस जाऊन येतात. परंतु केवळ जावे म्हणून गेल्याचे त्यांच्यापैकी फार थोडे सांगतात. वय झाले की घराबाहेर पडण्यास आजाराचे निमित्त लागते. मुले गाडी काढतात ती डॉक्टरांकडे नेण्यासाठी.

हे मी लिहितो आहे ते आमच्या घरातील एका गुरुवारामुळे. माझी आई त्र्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडून तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, हाड नीट जुळले, वॉकर घेऊन ती घरात हिंडूफिरू लागली. वैद्यकीय कागदपत्रांच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. प्रत्यक्षात मात्र ती खिडकीशी खुर्चीत बसली ती जणू उठलीच नाही. पूर्वी ती दारात ठिपक्यांची रांगोळी काढी, कुळथाची पिठी स्वतः दळे, शेजाऱ्यांच्या लग्नाच्या याद्या तोंडी सांगे. आता विचारले तर, ‘माका आता काय करूचा आसा?’ एवढेच उत्तर. आणि तिच्याबरोबर आमची वहिनीही त्या घरात बांधली गेली. माझा थोरला भाऊ नोकरीवर, मी दवाखान्यात. आईला उठवणे, न्हाऊ घालणे, औषधे, जेवण, रात्रीची दोनदा जाग, हे सगळे वहिनीकडे. वर्षभरात ती एकटी घराबाहेर पडली ती बाजारापुरती. तिच्या रक्तदाबाची गोळी मीच सुरू केली होती. ती तक्रार करीत नसे. तक्रार न करणाऱ्या शुश्रूषकांची डॉक्टरला अधिक काळजी वाटावी, असा माझा अनुभव आहे.

दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. दवाखान्यासमोरच्या रस्त्याचे खोदकाम निघाले आणि त्या दिवशी रुग्णांना येण्यास वाटच उरली नाही. सकाळचे साडेआठ. आकाश धुतल्यासारखे स्वच्छ. मी घरात येऊन म्हणालो, ‘आई, सावंतवाडीक जावया.’

‘कित्याक? माका काय झाला?’

काही झाले नाही, नुसते जायचे, हे पटवण्यास चहाचा एक पेला गेला. त्यानंतरची तिची हरकत वॉकर गाडीत मावणार नाही ही होती. तो मावतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. साडेनऊला आम्ही निघालो. वहिनीने निघताना गॅस बंद केला की नाही ते दोनदा जाऊन पाहिले.

अचानक निघण्याचे मी मुद्दाम समर्थन करतो. ज्येष्ठांसह आठवडाभर आधी सहल ठरवली, की त्या आठवड्यात गुडघा दुखू लागतो, झोप उडते, ‘तुमी जावा, माका नको’ असा सूर लागतो आणि आदल्या रात्री पोटही बिघडते. हा हट्ट नसतो. अंगावरचा विश्वास उडालेल्या माणसाला भीतीसाठी जितका वेळ द्यावा तितकी भीती वाढते. तासाभरात निघायचे असले, तर भीतीला बसायला जागा मिळत नाही. मात्र अचानक निघायचे तर तयारी घरात कायमची असावी लागते. आमच्या दाराशी एक कापडी पिशवी टांगलेली असते. तीत औषधांची यादी, एका दिवसाच्या गोळ्या, पाण्याची बाटली, बिस्किटे, एक जादा साडी, शोषक पॅड आणि एक पक्की उशी. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना गाडीची खोलगट बैठक त्रासदायक होते. उशीमुळे ती उंच होते. गाडीत बसताना आधी पाठमोरे होऊन टेकावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवावेत. बैठकीवर प्लास्टिकची पिशवी पसरली तर वळणे सोपे जाते. वळून झाल्यावर ती काढून टाकावी. लघवीची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने त्या दिवशी गाळू नका; ती परतल्यावर घेतली तर चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना एकदाच विचारून ठेवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांचे जेवण लांबता कामा नये, मग समोर कितीही सुंदर तलाव असो. आणि पोहोचताच सर्वप्रथम स्वच्छतागृहाची चौकशी करावी. ती जागा कळली की वृद्ध माणसाचा चेहरा किती सैल होतो, ते आपण पाहालच.

राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. दरबार हॉलमध्ये चांदीचे सिंहासन आहे, शिकारीच्या जुन्या खुणा आहेत, तसबिरी आहेत. आईने त्यांच्याकडे पाहुण्याच्या सौजन्याने पाहिले. ती थबकली ती चित्रकार बसतात तेथे. जमिनीलगतच्या बैठ्या मेजांवर रंगांच्या वाट्या, बारीक कुंचले आणि हाताच्या पंज्यात मावतील अशी गोल गोल पाने. गंजिफा.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गंजिफा हा हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ. तो इराणकडून मुघलांबरोबर आपल्याकडे आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे आपल्या मंडळींनी त्याला दशावतारी रूप दिले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने, एकूण १२०. बारांपैकी एक राजा, एक प्रधान आणि उरलेली एक्क्यापासून दहापर्यंतची. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. पूर्वी ही पाने कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवून, घोटून, रंगवून, वर लाखेचा हात देऊन करीत. छापील पत्ते आले आणि खेळणारे उरले नाहीत, तसे करणारेही उरेनात. सावंतवाडीत ही कला बुडण्याच्या बेतात असताना, १९७०च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच तरुण चित्रकारांना बसवून तिला पुन्हा उभे केले. राजघराण्यातील माणसांनी एका म्हाताऱ्या कारागिरापुढे शिष्य म्हणून बसावे, ही घटना मला दरबार हॉलमधील चांदीच्या सिंहासनाहून मोठी वाटते. आता सावंतवाडीच्या गंजिफ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

आमच्यासमोरची मुलगी एका पानावर बाणाचे टोक काढीत होती. तिचा श्वास रोखलेला, करंगळी मेजाला टेकलेली. आई वॉकरवर दोन्ही हात ठेवून तिच्याकडे पाहत राहिली आणि एकाएकी म्हणाली, ‘ह्यो राम. दिवसाक खेळूचा तर रामापासून. रातीक किस्नापासून.’

मुलीने कुंचला उचलला आणि वर पाहिले. ते अगदी बरोबर होते. दशावतारी खेळात दिवसा रामाचा धनी डाव सुरू करतो आणि सूर्यास्तानंतर कृष्णाचा. आईला हे कोठून ठाऊक? मी तिचा मुलगा, सत्तावन्न वर्षे तिच्यासमोर वाढलेला, आणि मला याची गंधवार्ता नव्हती. तिच्या माहेरी ओटीवर तिचे वडील, चुलते आणि शेजारचे दोघे पावसाळ्याच्या दुपारी गंजिफा मांडून बसत. मुलींना खेळात घेत नसत. तिने चहा आणून द्यावा आणि खांबाआड उभे राहून पाहावे, एवढेच. ‘माझ्या बापसाक खेळताना मदी कोणी बोललला चलायचा नाय,’ ती म्हणाली आणि आवाज न चढवता तिने दहा अवतारांची नावे क्रमाने सांगितली. अर्ध्या रंगांत पानांची चढउतार उलटी धरतात, म्हणजे एकात दहा मोठा तर दुसऱ्यात एक्का मोठा, हेही सांगितले. चित्रकार मुलीने तिला बसायला खुर्ची आणून दिली. पुढचा पाऊण तास प्रश्न ती मुलगी विचारीत होती आणि उत्तरे आई देत होती.

वाचकहो, येथे मी थोडा थांबतो, कारण मला सांगायचे आहे ते येथेच आहे. दोन वर्षे आमच्या घरात आईला प्रत्येक गोष्ट आम्ही सांगत होतो: आता ऊठ, आता गोळी घे, आता झोप. त्या पाऊण तासात तिला ठाऊक होते आणि इतरांना नव्हते. ‘काहीतरी छंद लावून घ्या’ हे वाक्य आपण डॉक्टरांच्या तोंडून अनेकदा ऐकले असेल. वैद्यकीय सल्ल्यांमध्ये याहून निरुपयोगी वाक्य क्वचितच असेल. रंगपेटी आणून समोर ठेवली म्हणजे छंद लागत नाही. उलट आपल्याला लहान मुलासारखे गुंतवून ठेवत आहेत हे वृद्ध माणूस तत्काळ ओळखतो आणि दुखावतो. छंदाला जुन्या आयुष्यातला एखादा धागा लागतो, आणि तो धागा कोठे आहे हे घरात बसून कोणालाच कळत नाही, त्या माणसालाही नाही. तो बाहेर, एखादी वस्तू दिसल्यावर, एखादा वास आल्यावर हाती लागतो. म्हणून मी अशा दिवसांचा आग्रह धरतो.

राजवाड्यातून आम्ही चितारआळीत गेलो. लाकडी खेळण्यांची ही जुनी आळी. पांगाऱ्याचे हलके लाकूड पूर्वी यासाठी वापरीत. लाकडी केळी, आंबे, पपनस, वांगी, सीताफळे यांचे ढीग. भातुकलीची चूल, जाते, पाट, चौरंग. चरकावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. आईला येथे गाडीतून उतरवले नाही. ती थकली होती. वृद्धांचा थकवा बोलण्यातून कमी आणि गप्पपणातून अधिक कळतो. उत्तरे एका शब्दाची होऊ लागली, पाऊल उचलण्याऐवजी घासू लागले, की पुढचे ठिकाण सोडून द्यावे. मी तिच्याबरोबर गाडीत बसलो आणि वहिनीला म्हणालो, ‘तुम्ही जाऊन या.’ ती पाच मिनिटांत परत येईल असे मला वाटले होते. ती चाळीस मिनिटांनी आली. हातात लाकडी काजूबोंड आणि कैरी. चेहऱ्यावर काहीतरी चोरून खाल्ल्यासारखा भाव. ‘भावोजी, ह्या कैरीवरची सावली त्यांनी कशी काढली आहे बघा,’ ती म्हणाली. लग्नाआधी ती चित्रकलेच्या परीक्षांना बसली होती, हेही मला त्याच दिवशी कळले. एकाच घरात राहून माणसे एकमेकांविषयी किती कमी जाणतात!

जेवण झाल्यावर तलावाच्या काठी तासभर बसलो. आईने डोळे मिटले. वहिनी पाण्यातले राजवाड्याचे प्रतिबिंब पाहत होती. चारच्या आत घरी पोहोचलो. रात्री आईला वेदनाशामक गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी ती दहापर्यंत झोपली. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा दिवसाची किंमत अंगाला मोजावी लागतेच. दुसरा दिवस मोकळा ठेवावा.

नंतर काय झाले? आठवडाभर काहीच नाही. मग एका सकाळी आईने वाटी मागितली. वाटी उपडी ठेवून तिने जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर गोल काढला, मग दुसरा. हात थरथरत होता, गोल कोयरीसारखे होत होते. माझ्या पुतण्याने ते कापून दिले. ‘गंजिफो करूया,’ ती म्हणाली. राजवाड्यातला संच विकत घेता आला असता. तो सुंदर असतो आणि त्यामागच्या मेहनतीच्या मानाने त्याची किंमत रास्तच असते. पण तिला तो करायचा होता.

अवतारांची चित्रे आपल्याला जमणार नाहीत, हे तिने आरंभीच ठरवून टाकले. म्हणून दहा रंग घरचे: नारळ, बांगडा, जास्वंद, पळी, समई, काजू, तुळशीवृंदावन, कासांडी आणि आडाळा, म्हणजे आपली विळी. ही नऊ. एक्क्यावर एक पळी, दुग्गीवर दोन पळ्या, असे दहापर्यंत. मग राजा आणि प्रधान. आडाळ्याचा राजा काढायची वेळ आली तेव्हा ती अडून बसली. ‘राजा कित्याक? आडाळ्यार माझी सासू बसायची, राजा नाय बसायचो.’ गंजिफ्याच्या पारंपरिक संचात राणी नसते. राजा आणि प्रधान एवढेच. आईच्या संचात आता चार राण्या आहेत. आडाळ्याच्या राणीला नथ आहे आणि तिने एक पाय पुढे दुमडलेला आहे, आजी बसे तसा.

ज्यांना घरी असे काही करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी आमचे अनुभव सांगतो. कुंचल्याची किंवा पेन्सिलीची दांडी बारीक असली की संधिवाताच्या बोटांना ती पकडताना ताण पडतो. दांडीवर जुन्या साडीची पट्टी गुंडाळून ती अंगठ्याएवढी जाड करावी. थरथर असेल तर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात मेजावर टेकलेला असावा आणि मेज फार खाली नसावे. ही मंडळी जमिनीवर बसून करण्याचा हट्ट धरतात. खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तो धरू नये. उजव्या हाताने काम करणाऱ्यास उजेड डावीकडून यावा. मोतीबिंदू असलेल्यांना पिवळ्यावर पांढरे दिसत नाही, काळ्यावर पिवळे दिसते. रंग त्या हिशेबाने निवडावेत. पक्षाघातानंतर एक हात दुबळा असेल, तर त्याने निदान कागद दाबून धरावा. फिजिओथेरपिस्टला विचारून त्या हाताला थोडेथोडे काम वाढवावे. बैठक वीस-पंचवीस मिनिटांची पुरे. स्पिरिटचे लुकण आणि उग्र वासाचे रंग दमेकऱ्यांच्या घरात नकोत. खळीची पाने आणि पाण्याचे रंग उत्तम.

खळीचे काम वहिनीने केले. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, वाटून शिजवले की गोंदासारखी खळ होते. जुन्या लुगड्याचे तुकडे आणि वर्तमानपत्र यांचे थर तिने चिकटवले. कोकणातल्या हवेत ते वाळता वाळत नाहीत आणि वाळले की द्रोणासारखे वळतात. पाटा-वरवंट्याखाली चार दिवस दाबून ठेवावे लागले. पहिल्या खेपेस बुरशी आली. दुसऱ्या खेपेस खळीत मोरचूद घालावा असे कोणी सुचवले. मी साफ नकार दिला, ते विष आहे. उन्हात वाळवणे हाच उपाय.

या सगळ्याने स्मृती टिकते का, असे मला विचारतात. गंजिफा खेळताना पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, हे खरे. परंतु कोणताही खेळ स्मृतिभ्रंश थांबवतो असे मी म्हणणार नाही, आणि कोणी तसे छातीठोकपणे सांगून काही विकू लागला तर आपण सावध राहावे. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे त्यांच्यासमोर पाने धरून ‘ओळख पाहू’ अशी परीक्षा तर कधीच घेऊ नये. त्यांना मासे एकीकडे आणि फुले एकीकडे लावायला द्यावीत. चुकली तर चुकू द्यावीत. आईच्या बाबतीत मी एवढेच सांगू शकतो की खुर्चीतून मेजापर्यंत ती दिवसातून तीनदा स्वतः उठून जाते, आणि हा तिच्या मांडीच्या स्नायूंना माझ्या कोणत्याही सूचनेपेक्षा अधिक व्यायाम आहे.

वहिनीचे मात्र वेगळे आहे आणि ते मला आईच्या गंजिफ्याइतकेच महत्त्वाचे वाटते. शुश्रूषा करणाऱ्यांना आपण रुग्णाबरोबर रमण्याचा उपदेश करतो. चिंचोक्याची खळ वाटणे हा वहिनीचा छंद नव्हे. ते आणखी एक काम. तिला हवा होता आपला असा तास, ज्यात आई नाही. दर गुरुवारी दुपारी माझा दवाखाना बंद असतो. त्या दिवशी मी आईजवळ बसतो आणि वहिनी एस.टी.ने सावंतवाडीस जाते. श्रीराम वाचन मंदिर हे तेथील दीडशेहून अधिक वर्षांचे ग्रंथालय. तेथे पुस्तक चाळते, तलावाकाठी बसून चित्रवहीत काहीतरी उतरवते आणि संध्याकाळच्या गाडीने परत येते. आरंभी दोन गुरुवार ती गेलीच नाही. आईची लादी पुसायची राहिली, मेथी निवडायची राहिली, अशी कारणे. तिसऱ्या गुरुवारी मी तिची पिशवी रिक्षात ठेवून आलो. ज्या घरांत मोकळा दीर नाही, तेथे शेजारीण, भाची, पगारी मदतनीस, कोणीही चालेल. पण वार ठरलेला असावा आणि त्या वारी सणही आला तरी तो मोडू नये. तिची रक्तदाबाची गोळी अजून चालू आहे. रात्रीची झोप पूर्वीपेक्षा बरी लागते, असे ती सांगते.

आपण सिंधुदुर्गात राहत नसाल तर सावंतवाडीच हवी असे नाही. हाताने काही घडताना दिसेल असे ठिकाण तासाभराच्या अंतरावर बहुतेकांना असते: कुंभारवाडा, हातमाग, मूर्तिशाळा. आम्हाला तर कुडाळच्या वेशीवरच पिंगुळी आहे. तेथील ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या देशभर गेल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पिंगुळी गुरुवारच्या यादीत आहे. जाण्याआधी वेळांची चौकशी करा, कारण अशा जागा कधी उघड्या असतात, कधी नसतात. आणि कारागिराचा वेळ घेतलात तर काहीतरी विकत घ्या.

आईची १२० पैकी ६१ पाने झाली आहेत. गुरुवारी दुपारी आम्ही दोघे झालेल्या रंगांवरच अर्धामुर्धा डाव खेळतो. राम संचात नाही, म्हणून दिवसा डाव समईपासून आणि दिवेलागणीनंतर तुळशीपासून, असा तिने नियम केला आहे. दिवसा समई का, याचे उत्तर ती देत नाही. मी अजून एकदाही जिंकलेलो नाही. मध्ये बोललो तर ती पाने खाली ठेवते. दहावा रंग कोणता, यावर सासूसुनेचे एकमत होत नाही. आईला कोयता हवा आहे. वहिनी म्हणते एस.टी. घ्या, लाल रंग उठून दिसेल. गेल्या गुरुवारी ती परत आली तेव्हा आई मेजाशीच बसली होती. कोऱ्या पानावर तिने चाके काढून ठेवली होती आणि हात जागच्या जागी थांबवून तिने वहिनीला विचारले, ‘गो, एस.टी.चो राजा कोण? डायवर काय कंडक्टर?’